शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडलेले दोन विद्यार्थी

आपल्या ज्ञातीतील एखादा मुलगा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला की घरच्या वडीलधाऱ्यांच्या मुखी एकच शब्द येतो : डॉक्टर! ही आकांक्षा स्तुत्य खरी. परंतु तिच्यापायी कोवळ्या मनांची जी ओढाताण होते, ती आम्ही शिक्षकांनी जवळून पाहिली आहे. म्हणून एक जुना वृत्तांत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

इ. स. १८२५ च्या ऑक्टोबरात सोळा वर्षांचा एक इंग्रज मुलगा स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे वैद्यक शिकण्यास आला. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, थोरला भाऊही त्याच विद्येचा विद्यार्थी. मग मुलाच्या मनाचा कौल कोण घेतो? हा मुलगा म्हणजे चार्ल्स डार्विन. तेथील रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात तो दोनदा गेला. त्या काळी भूल देण्याची विद्या नव्हती. शुद्धीवर असलेल्या रोग्यास मदतनीस धरून ठेवीत, आणि शस्त्रवैद्याचे कौशल्य हाताच्या वेगावरून मोजले जाई. दोन्ही प्रसंग भीषण होते. त्यांतील एक रोगी तर लहान मूल होते. शस्त्रक्रिया पुरी होण्यापूर्वीच डार्विन बाहेर धावला, तो पुन्हा त्या दाराशी गेला नाही. ती दृश्ये पुढे कित्येक वर्षे आपला पाठलाग करीत होती, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

त्याच वर्षी त्याच विद्यापीठात चौदा वर्षांचा जेम्स सिम्सन दाखल झाला. हा पाव भाजून विकणाऱ्याचा मुलगा. पुढे वैद्यक शिकत असता एका गरीब स्त्रीवरील शस्त्रक्रिया पाहून तो इतका व्यथित झाला की, न्यायालयात कारकुनी मिळते काय, हे पाहण्यास निघाला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. परंतु तो परतला. १८४६ साली अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल यशस्वी झाली. आणि १८४७ च्या नोव्हेंबरात सिम्सनने दोन सहकाऱ्यांसह आपल्याच घरी क्लोरोफॉर्म हुंगून त्याचा गुण पारखला. ज्या वेदनेने त्यास पळविले होते, तिच्यावरच त्याने उपाय शोधिला.

डार्विन परतला नाही. एडिंबरोत तो समुद्रकाठचे जीव गोळा करी. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या जॉन एडमनस्टन यांच्यापाशी पक्ष्यांत पेंढा भरण्याची कला शिकला. वडिलांनी त्यास वैद्यकास जखडून ठेवले नाही. धर्मोपदेशक व्हावा म्हणून केंब्रिजला धाडले. १८३१ च्या अखेरीस तो ‘बीगल’ जहाजाने निघाला आणि १८५९ साली त्याचा जीवोत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. आमचा एक विद्यार्थी शवविच्छेदन सहन न होऊन पहिल्याच सत्रात घरी परतला. त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला, तेव्हा आम्ही त्या मुलास चारचौघांत भित्रा म्हटले. तदनंतर तो आमच्या घराची पायरी चढला नाही. वरील दोघांची चरित्रे आम्ही फार उशिरा वाचली. दुसऱ्याचे दुःख पाहून ज्याचे पाय लटपटतात तो भित्रा नव्हे. त्याच्या ठायी करुणा आहे. ती त्यास परत फिरवील की अन्य वाटेने नेईल, हे त्याचे त्यालाच कळते.

उन्हाळ्यात प्रवेशाचे दिवस येतील. मुलास डॉक्टर करण्याचा निश्चय अवश्य करावा. परंतु तत्पूर्वी एकवार त्यास जवळ बसवून विचारावे, आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.