वृक्ष, वेळू आणि दिवाणखाना : मेळघाटातील एका कारागिरीविषयी

चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. तेथील कोरकू गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या सरळ ओळी समोरासमोर असतात, आणि जुन्या घराची भिंत म्हणजे बांबूच्या कामट्या विणून त्यांवर माती-शेणाचा लेप दिलेला कूड. शहरातील दिवाणखान्यात बांबूची जी विणकारी आज रसिकतेची खूण मानली जाते, ती येथे शोभेची नव्हतीच. तीच घर होती. वऱ्हाडातील बुरुडाची टोपली, सूप वा कणगी हीही ह्याच जातीची : वापरावी, झिजवावी, नवी घ्यावी.

स्वातंत्र्योत्तर काळात हस्तकलेकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. आधुनिक घर आणि देशी कारागीर ह्यांची गाठ घालून देण्याचा हा प्रयत्न स्तुत्य होता, ह्यात शंका नाही. मात्र त्या काळच्या चर्चेचा भर आकार, उपयोग आणि अभिरुची ह्यांवर राहिला. तांबट आपले पितळ बाजारातून आणतो. बुरुडाचा माल रानात उभा असतो, आणि रानाला धनी असतो.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूचाही समावेश केलेला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. पण कायद्याच्या भाषेला शास्त्राची अडचण क्वचितच पडते. ह्या एका शब्दाचा परिणाम दूरवर पोचला. तोडलेला वृक्ष म्हणजे ‘इमारती लाकूड’, आणि इमारती लाकूड हे वनातून आलेले असो वा नसो, वनोपजच. तेव्हा परसातला बांबूही वाहतुकीच्या परवान्याच्या कक्षेत आला. मेळघाटात तर १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचे निर्बंधही लागू झाले.

अशा परिस्थितीत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे ह्यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारले. आदिवासी तरुणांना प्रशिक्षण देऊन तेथे खुर्च्या, दिवे, शोभेच्या वस्तू, राख्या, इतकेच नव्हे तर घरेही तयार होऊ लागली. कारागिरीच्या इतिहासात हे संक्रमण वाटते तितके सोपे नसते. हात-वितीच्या मापाने काम करणाऱ्याला इंच व मिलिमीटर पाळावे लागतात. दोन टोपल्या सारख्या नसल्या तरी चालते, सहा खुर्च्या सारख्याच लागतात. मेळघाटातील मानवेल जाड सालीची, पुष्कळदा जवळजवळ भरीव असते. ती खुर्चीच्या पायाला उत्तम. परंतु बांबूतील पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो. सुपाला तो लागला, तर गृहिणी दुसरे सूप घेते. दिवाणखान्यातील खुर्चीखाली पिवळट भुकटी दिसली की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. अंधाऱ्या पक्षात तोडणी करणे, वाहत्या पाण्यात बांबू मुरवणे, हे जुने उपाय होते. त्यांच्या जोडीला टाकणखार व बोरिक आम्ल ह्यांची प्रक्रिया आली. हे सारे शिकता येते. माल हाती येणे मात्र कारागिराच्या शिकण्यावर अवलंबून नव्हते.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि त्यावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. तरीही महाराष्ट्रात बांबूच्या वाहतुकीचे परवाने गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. पुढे २०१७ साली ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू हा शब्दच वगळण्यात आला. शेतात वेळू लावणाऱ्याची त्यामुळे मोठी सोय झाली. मेळघाटचा बांबू मुख्यतः वनातला. आणि त्याच अधिनियमानुसार वनातून आणलेले गवतही वनोपजच ठरते.