चित्ता : दरबारांतला आणि रानांतला

१७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आठ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनो येथें आणले गेले. आतां तेथें सफरीस जाणाऱ्यास, दैव अनुकूल असल्यास, मोकळ्या रानांतला चित्ता दृष्टीस पडतो. आफ्रिकेचा चित्ता या देशांत प्रथमच आला, असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या कोल्हापूर संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत काळविटांच्या शिकारीसाठीं चित्ते आफ्रिकेंतूनच आणवीत. देशी जनावर मिळणें तेव्हांच दुर्घट झालें होतें.

तें कां? बंदुकीस दोष देण्याची चाल आहे, व ती अगदींच निराधार नाहीं. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानांत तीन नर मारले गेले. १९५२ त चित्ता नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. परंतु आमच्या मतें मूळ दुखणें राजेरजवाड्यांच्या शौकाचें. अकबरानें हजार चित्ते जमविले होते, असें जहांगीर लिहितो. त्यांची वीण व्हावी ही बादशहाची इच्छा; ती फळास येईना. एकदांच एक नर पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तीन पिल्लें झालीं, हें नवल म्हणून त्यानें नोंदून ठेविलें आहे. अर्थात् घोडा पागेंत निपजे, चित्ता मात्र प्रत्येक वेळीं रानांतूनच धरून आणावा लागे. आणि ज्याच्यावर एवढी माया, त्याचाच वंश असा शतकानुशतकें खुंटत गेला.

कुनोंत मार्च २०२३ मध्यें एका मादीस चार पिल्लें झालीं. तीन त्याच उन्हाळ्यांत दगावलीं. चौथी मादी जगली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें तिला पांच पिल्लें झालीं.