युगांडातील बालसैनिक

पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशाच्या उत्तर भागात बंडखोरांनी अपहरण करून सक्तीने सैन्यात ओढलेली मुले. जोसेफ कोनी याने १९८७ च्या सुमारास अचोली प्रदेशात उभारलेल्या ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ या संघटनेस जनतेचा पाठिंबा टिकविता आला नाही. तेव्हा खेड्यांवर व शाळांवर छापे घालून मुले पळविणे, हाच तिच्या सैन्यभरतीचा प्रमुख मार्ग ठरला. अपहृतांची संख्या वीस हजारांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. पुष्कळदा मुलांकडून सोबत्यांची वा आप्तांची हत्या करवून घेतली जाई. त्यामुळे गावी परतण्याची वाटच आपल्याला बंद झाली, अशी त्यांची समजूत होई. मुलींना सेनाधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले जाई.

या अत्याचारांकडे जगाचे लक्ष प्रामुख्याने आबोके येथील घटनेमुळे वेधले गेले. ऑक्टोबर १९९६ मध्ये तेथील सेंट मेरीज कॉलेज या निवासी शाळेतून १३९ मुली पळविण्यात आल्या. उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फास्सेरा यांनी बंडखोरांचा माग काढून १०९ मुलींची सुटका करविली. मात्र ३० मुली परत मिळाल्या नाहीत. त्यांच्या पालकांनी संघटना स्थापून केवळ आपल्याच नव्हे, तर सर्व अपहृत मुलांच्या मुक्ततेची मागणी देशोदेशी मांडली. प्रचार थांबविल्यास तुमची मुलगी सोडू, असे बंडखोरांनी अँजेलिना आत्याम या मातेस कळविले. सर्व मुली सोडल्याखेरीज हे मान्य नाही, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांची मुलगी २००४ मध्ये परतली. लोकजागृतीचा धाक बंडखोरांनाही वाटत होता, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते. आत्याम यांना १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास, १९९६ मध्ये, ग्रासा माशेल यांचा युद्धग्रस्त मुलांविषयीचा अहवाल संयुक्त राष्ट्रांना सादर झाला. पुढे बालहक्क संहितेस जोडलेल्या मसुद्यान्वये (२०००) अठरा वर्षांखालील मुलांची सक्तीची सैन्यभरती निषिद्ध ठरली. तो १२ फेब्रुवारी २००२ रोजी अंमलात आला. हा दिवस बालसैनिकविरोधी दिन म्हणून पाळला जातो. तथापि, करार झाला म्हणून अपहरणे तत्काळ थांबली नाहीत. त्यानंतरही उत्तर युगांडातील हजारो मुले अपहरणाच्या भीतीने रोज सायंकाळी खेडी सोडून गुलूसारख्या शहरांत झोपण्यासाठी पायी जात. २००६ मधील शस्त्रसंधीच्या सुमारास बंडखोर युगांडाबाहेर गेले.

परतलेल्या मुलांना बळी मानावे की अपराधी, हा प्रश्न मागे उरला. युगांडाने २००० मध्ये माफीचा कायदा केला. पुनर्वसन केंद्रेही निघाली, तरी अनेकांना गावात संशयाने वागविले गेले. डॉमिनिक ऑन्ग्वेन हा बालपणीच पळविला गेला व पुढे बंडखोरांचा सेनानी झाला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये त्यास २५ वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या अपराधांत मुलांच्या सक्तीच्या भरतीचाही समावेश होता. बालपणीच्या अपहरणामुळे तो दोषमुक्त झाला नाही. मात्र शिक्षा ठरविताना न्यायालयाने ते विचारात घेतले.