टपाल्याची कॉन्फिग फाईल

परवा एक जुना सर्व्हर निवृत्त करायचं काम गळ्यात पडलं. त्यावर अजून सेंडमेल चालू होतं (हो, अजून!), आणि जाता जाता त्याच्या सेंडमेल.सीएफ या फाईलमध्ये फक्त एक ओळ वाढवायची होती. नोट्समधून कॉपी केली, पेस्ट केली, रीस्टार्ट केलं... आणि रात्री साडेअकराला क्लायंटची बाहेर जाणारी सगळी मेल ठप्प. एररमध्ये चक्क लिहिलं होतं की इथे टॅब हवा. पण स्क्रीनवर टॅब काय नि स्पेस काय, दोन्ही मोकळी जागाच की हो! पाऊण तास गेला. ज्याने हे डिझाइन केलं त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग शनिवारी बसून त्याची गोष्ट वाचली, आणि त्यातल्या बऱ्याचशा परत घेतल्या :-)

गोष्ट सुरू होते सत्तरच्या दशकाच्या शेवटी, बर्कलीत. एरिक ऑलमन तेव्हा इन्ग्रेस या डेटाबेस प्रकल्पावर होता. इन्ग्रेसच्या मशीनला अर्पानेटची जोडणी होती, त्यामुळे विद्यापीठातल्या ज्याला त्याला तिथे अकाउंट हवं. ऑलमनच्या लक्षात आलं की या लोकांना मशीन नकोय, त्यांना मेल हवीय. मग माणसं इथे आणण्यापेक्षा मेलच त्यांच्याकडे पोचवू. त्यातून 'डिलिव्हरमेल' जन्माला आला. त्याची सगळी सेटिंग्ज प्रोग्रॅमच्या आतच कंपाइल केलेली. म्हणजे मशीन बदललं, नेटवर्क बदललं, की करा पुन्हा कंपाइल.

आणि नेटवर्कं तरी किती! अर्पानेटचा पत्ता 'माणूस@मशीन', यूयूसीपीचा 'मशीन!माणूस', बर्कलीच्या स्वतःच्या बर्कनेटचा आणखी तिसराच. आता 'अ!ब@क' असा पत्ता आला तर पत्र आधी अ कडे द्यायचं की क कडे? दोन्ही अर्थ बरोबर! पोस्टमनने एखाद्या पत्त्यावर 'मारुतीच्या देवळासमोर' वाचावं आणि गावात मारुतीची तीन देवळं असावीत, तसलाच प्रकार.

म्हणून १९८३ मध्ये ४.२ बीएसडीबरोबर आलेल्या सेंडमेलमध्ये ऑलमनने पत्त्यांचे नियम प्रोग्रॅममधून काढून फाईलमध्ये टाकले. डावीकडे पत्त्याचा साचा, उजवीकडे त्याचं काय करायचं ते, आणि मध्ये आपला तो टॅब. प्रोग्रॅम सुरू होताना दर वेळी ही फाईल वाचणार आणि मशीनं संथ, म्हणून वाचायला सोपी हवी. माणसाला नव्हे, मशीनला. आर म्हणजे नियम, एस म्हणजे नियमांचा संच, एम म्हणजे मेलर, ओ म्हणजे ऑप्शन. एका अक्षरात काम तमाम. परिणामी फाईल अशी दिसते की कीबोर्डवरून मांजर चालत गेलं असावं. टॅबची कल्पना आली 'मेक' वरून, आणि ती चूक होती हे ऑलमनने पुढे स्वतः लिहिलंय. माणूस सरळ आहे.

पण खरी महागात पडली ती वेगळीच गोष्ट. सेंडमेल हा एकच मोठा प्रोग्रॅम होता: मेल घेणं, पत्ता बदलणं, रांग सांभाळणं, पुढे पाठवणं, सगळं तोच करणार, आणि तेही रूटच्या अधिकाराने. त्यात तपासणीसाठी एक 'डीबग' सोय होती. ती चालू असली की पत्ता म्हणून थेट कमांड देता यायची. बऱ्याच मशीनवर ती चालूच राहिली होती. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म ज्या वाटांनी पसरला त्यातली एक हीच (दुसरी फिंगर सेवेतली होती). सुमारे ६,००० मशीनं बाधित झाली असा अंदाज नेहमी सांगितला जातो. एक विसरलेलं सेटिंग, बास.

नंतर एम४ मॅक्रो आले आणि .सीएफ फाईल हाताने लिहायची वेळ टळली. तरी वटवाघळाचं चित्र असलेला तो ओरायलीचा ठोकळा अॅडमिनच्या टेबलावरून काही हलला नाही.

तोडगा निघाला तो कामाची वाटणी करून. आधी डॅनियल बर्नस्टाइनच्या क्यूमेलने छोटे छोटे प्रोग्रॅम आणि प्रत्येक सेटिंगला वेगळी फाईल असा कडक संसार मांडला. मग आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या वित्सा व्हेनेमाने डिसेंबर १९९८ मध्ये पोस्टफिक्स खुलं केलं. यात एसएमटीपीडी बाहेरून मेल घेतो, क्लीनअप हेडर नीट करतो, क्यूएमजीआर रांग बघतो, आणि पुढे लोकल किंवा एसएमटीपी पोचवतो. या सगळ्यांवर मुकादम म्हणजे 'मास्टर'. त्याचं हजेरीपुस्तक म्हणजे मास्टर.सीएफ: प्रत्येक सेवेची एक ओळ, आठ रकाने. कुणाला रूटचे अधिकार द्यायचे नाहीत, कुणाला बंद खोलीत ठेवायचं, एका वेळी किती प्रती चालवायच्या, सगळं तिथे. आणि टॅब-स्पेस काहीही चालतं! माझ्या मते सेंडमेलपेक्षा पोस्टफिक्स उजवं ठरतं ते या पानामुळे. कोण काय करतंय हे एका नजरेत दिसतं.

तरी बंद खोलीचा म्हणजे क्रूटचा पाचवा रकाना भल्याभल्यांना रडवून गेलाय. तिथे नुसती रेघ असेल तर पूर्वी अर्थ 'हो' असा व्हायचा. सेवा आपल्या खोलीत बंद, आणि डीएनएसची रिझॉल्व्ह.कॉन्फ फाईल राहिली बाहेर. मग मेल रांगेत पडून, आणि अॅडमिन नेटवर्कवाल्यांशी भांडतोय. २०१५ मध्ये ३.० आवृत्तीत व्हेनेमाने त्या रेघेचा अर्थ 'नाही' असा केला. पण जुन्या फायली मोडू नयेत म्हणून सुसंगततेची एक पातळी ठेवली: ती वाढवली नाही, तर पोस्टफिक्स जुनाच अर्थ धरतं आणि तसं लॉगमध्ये लिहितं.

त्या क्लायंटच्या दुसऱ्या मशीनच्या लॉगमध्ये काल हीच ओळ दिसली, कित्येक महिन्यांपासून पडत असलेली. सोमवारी त्या रेघेच्या जागी स्पष्ट अक्षर टाकणार आहे. पण या वेळी दुपारी, आणि आधी फाईलची प्रत काढून.