दोषजन्य चुंबकत्व
षटकोनी बोरॉन नायट्राइड हा अणूइतक्या पातळ थरांचा पदार्थ मुळात विद्युतरोधक, शिवाय अचुंबकीय. त्यातील इलेक्ट्रॉन जोडीने असल्याने त्यांचे चुंबकत्व परस्परांना निष्प्रभ करते. थरात फ्लोरिन घातल्यास काही इलेक्ट्रॉन एकटे पडतात आणि पदार्थ चुंबकीय अर्धवाहक बनतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अमेरिकेतील राइस विद्यापीठासह बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा त्यात सहभाग होता. जाळीतून अणू काढूनही हा परिणाम साधतो. मात्र प्रत्येक रिक्त जागा उपयोगाची नसते. मोलिब्डेनम डायसल्फाइडमधील गंधकाची एकटी रिक्त जागा, सैद्धांतिक गणितानुसार, अचुंबकीयच राहते. मोजमापही फसवे: पोलादी चिमट्याने नमुना उचलला, तरी चिकटलेले लोहकण खोटा संकेत देऊ शकतात.