बावचीच्या बियांपासून

पुण्यातल्या काष्ठौषधींच्या दुकानात 50 ग्रॅम बावची मागा. पुडीत काळपट, किंचित चपटे दाणे येतात. आपण त्यांना बी म्हणतो, पण ती खरे तर अख्खी शेंगच; आत एकच बी आणि तिला घट्ट चिकटलेले टरफल. दाणा चिरडला की उग्र वास बोटांवर बराच वेळ राहतो. कोडावरचे औषध म्हणून बावची घराघरांत माहीत आहे. वनस्पतींतली जंतुनाशके शोधण्याच्या कामात नव्याने येणाऱ्याला मी आधी ही पुडी हातात देतो.

कारण याच दाण्यांतून पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गोवर्धन मेहता, यू. आर. नायक आणि सुख देव यांनी एक संयुग वेगळे काढले आणि 1966 साली ते जगापुढे मांडले. बाकुची या संस्कृत नावावरून त्याला बाकुचिऑल म्हणतात. त्याच्या रेणूत 18 कार्बन, 24 हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन. पुढे 2001 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्ससह तोंडातल्या अनेक जीवाणूंची वाढ ते रोखते. मधली पस्तीस वर्षे मला मोलाची वाटतात. रेणूची ओळख आधीच पक्की होती, म्हणून जपानमधल्या माणसाला नेमका तोच पदार्थ तपासता आला. ‘बावचीचा अर्क’ एवढेच लिहून ठेवले असते, तर प्रत्येकाचा अर्क निराळा निघाला असता.

ओळखीची ही शिस्त झाडापासूनच लागते. दारुहळद म्हणून बाजारात हिमालयातल्या बर्बेरिसचे लाकूड मिळते, तसेच दक्षिणेतल्या एका वेलीचेही. दोन्ही पिवळी, दोन्हींत बर्बेरिन; पण वनस्पती वेगळ्या. म्हणून अर्क काढण्याआधी नमुना वाळवून, दाबून आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्यांशी ताडून घ्यावा. या दोन्ही जागा पुण्यातच आहेत, हे आपले भाग्य.

मग सिलिका जेलचा स्तंभ, एकेक अंश गोळा करणे आणि शेवटी अगरच्या बशीत जंतू न वाढलेले ते स्वच्छ वर्तुळ. ते पहिल्यांदा दिसते तेव्हा कोणीही हरखून जातो, आणि जावेच. पण वर्तुळाच्या मिलिमीटरांवर प्रबंध उभारू नका. तेलकट संयुग अगरमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे चांगला रेणूही लहान वर्तुळ देतो. उलट नुसता द्रावकही कधी वर्तुळ काढून दाखवतो. द्रवमाध्यमात, किती कमी मात्रेला वाढ थांबते ते मोजा, शेजारी नुसत्या द्रावकाची नळी ठेवा.

पिंपरीत 1955 पासून पेनिसिलिन बनू लागले, ते बुरशीपासून. त्याच्या तोडीचे जीवाणूनाशक वनस्पतींनी अजून दिलेले नाही. जंतू शिरलेला रेणू पंपाने उपसून बाहेर टाकतो, हे त्यामागचे एक मोठे कारण. बर्बेरिन एकटे म्हणूनच दुबळे पडते. पण 2000 साली दिसून आले, की बर्बेरिसच्याच काही जाती त्याच्या जोडीला दुसरे संयुग बनवतात. ते स्वतः जंतू मारत नाही, तर स्टॅफिलोकोकसचा हा पंप बंद पाडते. शुद्धीकरणात ‘निष्क्रिय’ म्हणून बाजूला पडलेल्या अंशांकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेने बघतो. तुमच्या प्रयोगशाळेच्या शीतपेटीतही तशा कुप्या असतील. त्यांवर चिठ्ठ्या नीट लावा, आणि टाकून देण्याआधी एकदा जोडीने तपासा.