चालू दप्तरातील सामूहिक फेरबदल : अधिकार अभिलेखाच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :

संगणकीय माहितीसाठ्यातील असंख्य नोंदी, साठा वापरात असतानाच, एकाच वेळी कशा बदलाव्यात हा प्रश्न सामान्यतः संगणकशास्त्राचा मानला जातो. वस्तुतः तो दप्तराच्या इतिहासाचाही प्रश्न आहे. जेम्स ग्रे यांनी १९८१ मध्ये 'व्यवहार' या संकल्पनेवर लिहिलेल्या निबंधात तिचे मूळ कराराच्या कायद्यात शोधले आणि हिशेबनिसांच्या जुन्या शिस्तीचाही दाखला दिला. लिहिलेली वही खोडावयाची नाही, चूक झाल्यास तिची भरपाई करणारी नवी नोंद घालावयाची, ही ती शिस्त. १९८३ मध्ये हेर्डर व रॉयटर यांनी व्यवहाराच्या अखंडता, सुसंगती, विलगता व टिकाऊपणा या चार गुणांना एकत्रित नाव दिले. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न महाराष्ट्रातील सात-बाराच्या संदर्भात तपासला आहे.

फेरफाराची रचना :

मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र कायदा १९०३ मध्ये झाला व १९१३ मध्ये त्यातील तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने हीच चौकट स्वीकारली. तीनुसार कोणताही बदल थेट सात-बारावर लिहिता येत नाही. तो प्रथम गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत अनुक्रमांकाने लिहिला जातो. त्याची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकत आल्यास प्रकरण नमुना ६-अ मध्ये जाते. कलम १५० अन्वये नोंद प्रमाणित झाल्याशिवाय तिचा अंमल अधिकार अभिलेखात देता येत नाही. तोपर्यंत सात-बारावर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवण्याचा प्रघात होता. प्रमाणित झाल्यावर शाई. जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे केले जात नसे, ते कंसात जाई आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येई. मूळ तक्ता बदलण्यापूर्वी बदलाची नोंद रोजनिशीत करावी हा आधुनिक माहितीसाठ्याचा नियम तलाठ्याच्या सज्जात असा आधीपासूनच पाळला जात होता. हे साम्य केवळ अलंकारिक नाही. दोन्हीकडे भीती एकच आहे : अर्धवट झालेला बदल पूर्ण झालेला समजला जाणे.

सामूहिक बदलाचे दोन प्रसंग :

एकेका नोंदीसाठी घडविलेली ही रचना हजारो नोंदींना पुरते काय, याची कसोटी १ एप्रिल १९५७ या दिवसाने घेतली. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ नुसार त्या दिवशी, अपवाद वगळता, कूळ जमिनीचा खरेदीदार मानला गेला. कायद्याच्या दृष्टीने बदल एका क्षणात झाला. दप्तराच्या दृष्टीने तो तसा होणे शक्यच नव्हते. न्यायाधिकरणाने किंमत ठरवावी, ३२-म चे प्रमाणपत्र द्यावे आणि मग फेरफार पडावा, असा क्रम होता व अनेक ठिकाणी तो दशकानुदशके रेंगाळला. मधल्या काळात मालकी कायद्यात एकाची व कागदावर दुसऱ्याची राहिली. ज्या कुळाने प्रमाणपत्र मिळवूनही फेरफार करवून घेतला नाही, त्याच्या वारसांना याचा अर्थ नेमका ठाऊक असतो.

त्याच दिवशी देशात दशमान नाणेपद्धतीही सुरू झाली, हा योगायोग उल्लेखनीय आहे. आकार रुपये-आणे-पैंत लिहिलेला, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. दोन्ही बदलणे क्रमप्राप्त झाले. यासाठी जुन्या सात-बारांवर १९५५ चा नाणेविषयक कायदा व १९५८ चा वजने-मापे अंमलबजावणी कायदा यांचा उल्लेख करणारा एकच फेरफार गावातील सर्व जमिनींना लागू केलेला आढळतो. ही युक्ती फार शहाणपणाची होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गाव हे तुकड्याचे स्वाभाविक एकक, त्याला एकच क्रमांक, आणि एका गावात घोटाळा झाला तरी शेजारचे गाव अबाधित! मोठा बदल लहान तुकड्यांत करावा, हा आज माहितीसाठा सांभाळणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला याहून वेगळा नाही.

मात्र हिशेबाची अडचण उरलीच. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर. चार भावांचे प्रत्येकी ३० गुंठे स्वतंत्रपणे पूर्ण आरमध्ये रूपांतरित केल्यास बेरीज १२० आर येते. एकत्रित १२० गुंठ्यांचे रूपांतर मात्र १२१ आर होते. एक आर कोठे गेला, याचे उत्तर फेरफारात मिळत नाही.

पुनर्लेखन व संगणकीकरण :

साधारणतः दर दहा वर्षांनी सात-बाराचे पुनर्लेखन होई. त्यात केवळ चालू नोंदी नव्या पुस्तकात उतरविल्या जात. येथेच दप्तर सर्वाधिक असुरक्षित होते, कारण लिहिताना गळलेल्या नावाला फेरफार क्रमांक नसतो. चूक झाली याचीच नोंद नाही. संगणकीकरण हे अशा पुनर्लेखनाचेच विराट रूप होते. राज्यातील सुमारे अडीच कोटी सात-बारा संगणकात भरताना नावे, क्षेत्रे, इतर हक्क यांत चुका राहिल्या. त्या हस्तलिखिताशी जुळविण्यासाठी 'एडिट' व नंतर 'री-एडिट' ही आज्ञावली वापरली गेली. एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज यांतील विसंगती दाखविणारे अहवाल काढले गेले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. यंत्राने केलेल्या बदलाची पडताळणी खातेदारांसमोर मोठ्याने वाचून व्हावी, ही कल्पना जुन्या दप्तरपरंपरेतूनच आलेली आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाला.

यानंतर आढळणाऱ्या लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खालील तहसीलदारांच्या आदेशाने व फेरफाराद्वारे होते. म्हणजे जो मार्ग काही काळ बाजूला ठेवला होता, त्यावरच दप्तर परत आले आहे. खातेदाराला मात्र आपला सात-बारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी जुन्या पुस्तकाची नक्कल मिळवावी लागते.